मधल्या सुट्टीतली गोळी

१

घड्याळजी गेले, हे विमाबाईंना कळलं ते घड्याळजींच्या धाकट्या भावाच्या आरडाओरड्यातून. दुखरा पाय सांभाळत त्या ऑक्सिजन केंद्राच्या पायऱ्या चढून आत आल्या, तर तो डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर दोन्ही हात टेकून उभा होता.

"तुम्ही घालवलंत माझ्या दादाला! आता हवाच पुरे, गोळ्या बंद करा, असं तुम्हीच सांगितलंत ना त्याला?"

"असं मी चुकूनसुद्धा कुणाला सांगत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज बसला होता. "एचआयव्हीवर औषध म्हणजे गोळी. आमचा ऑक्सिजन नुसता जोडीला. थकवा, पायाची आग, यांत कुणाला थोडं बरं वाटतं, कुणाला नाही. पहिल्याच दिवशी मी हे प्रत्येकाकडून वदवून घेते."

कोपऱ्यातल्या बाकावर घड्याळजींची बायको बसली होती. रडून रडून तिचे डोळे सुजले होते. "धाकट्या, काय बोलतोयस तू?" ती हळूच म्हणाली. "गोळ्या बंद कुठे होत्या? रोज सकाळी मीच तर डबीत घालून द्यायचे."

धाकट्याने वळून तिच्याकडे पाहिलं. त्याचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. मग तो तडक निघून गेला.

विमाबाई मटकन खुर्चीत बसल्या. गोळीच्या बाबतीत त्या स्वतः साक्षीदार होत्या. केंद्रातली ती पोलादी लांबट खोली, जाड काचेच्या गोल खिडक्यांची. सगळे तिला पाणबुडी म्हणायचे. दार बंद झालं की आतला दाब वाढायचा, कानांत दडे बसायचे, आणि तोंडाला मास्क लावून सगळे समोरासमोर मुकाट बसायचे. विमाबाईंच्या पायाला साखरेच्या आजारामुळे न भरणारी जखम होती, घड्याळजींच्या रक्तात विषाणू. पाणबुडीत असला भेदभाव नव्हता, तिथे सगळेच सारखे बावळट दिसायचे. मध्येच सिस्टर मास्क काढायला सांगायची, थोडा वेळ साधी हवा घ्यायला. त्याला मंडळींनी नाव दिलं होतं मधली सुट्टी. त्या मधल्या सुट्टीत घड्याळजी न चुकता डबी उघडायचे, गोळी तोंडात टाकायचे आणि विमाबाईंना डोळा मारून म्हणायचे, "झाला आमचा डबा खाऊन."

माणूस मोठा गप्पिष्ट होता. अलीकडे तर स्वारी फारच खुशीत असायची. घड्याळाचा केसाएवढा स्क्रू आता त्यांना भिंगाशिवाय दिसतो, हे ते येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचे. केंद्रातल्या समोरच्या भिंतीवरचं घड्याळ मात्र डोळे बारीक करूनही त्यांना वाचता यायचं नाही. "घड्याळजी, आणि वेळ आम्हाला विचारता?" असं विमाबाई चिडवायच्या, तेव्हा ते खो खो हसायचे. आता ते हसू पुन्हा ऐकायला मिळणार नव्हतं.

रक्ताचा शेवटचा अहवाल पुढच्या आठवड्यात आला. डॉक्टरीणबाईंनी दार लोटून घेतलं आणि विमाबाईंना समोर बसवलं.

"रक्तात विषाणूंचा नुसता सुळसुळाट आहे, आणि औषधाचा मागमूस नाही," त्या म्हणाल्या. "बाई, कित्येक महिने या माणसाच्या पोटात ती गोळी गेलेलीच नाही."

२

विमाबाईंची उभी नोकरी विमा कंपनीत मयतांच्या दाव्यांची चौकशी करण्यात गेली होती. माणूस खरोखर कशाने गेला, हे घरच्यांच्या तोंडून गोडीगुलाबीने काढून घ्यायचं काम. निवृत्त झाल्यावर त्यांनी त्या कामावर पाणी सोडलं होतं. पण घड्याळजींच्या बायकोने त्यांना घरी बोलावून घेतलं, आणि चहाचा कप पुढे ठेवता ठेवताच ती म्हणाली, "माणसं कशाने गेली ते तुम्ही शोधायचात ना?"

"शोधायचे. पण कंपनीसाठी."

"मग एकदा माझ्यासाठी शोधा."

खोली दुकानाच्या मागेच होती. पलीकडून दहा-बारा घड्याळांची टिकटिक ऐकू येत होती आणि ती बंद करायचा धीर अजून कुणाला झाला नव्हता. भिंतीवर गेल्या वर्षीचा फोटो होता. त्यात घड्याळजी ऐसपैस, गालभर हसणारे, आणि शेजारी धाकटा, गालफडं बसलेला, सदरा अंगावर लोंबणारा.

"आजार कळला, तेव्हा त्यांनी स्वतःहून सगळं सांगितलं मला. कुठे चुकले, कसे चुकले," ती म्हणाली. "मी तपासून घेतलं, मला काही नव्हतं. पण मी इतकी भडकले, इतकी भडकले की त्यांच्या तोंडावर म्हटलं, यापेक्षा तुम्ही मेला असतात तर बरं झालं असतं."

विमाबाईंनी चहाचा कप खाली ठेवला.

"नंतर हजारदा माफी मागितली. ते म्हणायचे, अगं, विसर आता. पण बाई, ते विसरले नसतील तर? माझा शब्द मनाला लावून गोळ्या थुंकून टाकल्या असतील तर?" तिने पदराने तोंड दाबलं. "केंद्र बंद पडो की राहो, मला एवढंच कळू दे. मीच बोलून घालवलं का त्यांना?"

विमाबाईंनी तिच्या हातावर हात ठेवला. विचारायला जीभ रेटत नव्हती, तरी विचारलं. "उरलेल्या गोळ्या?"

"गोळ्या देतात ना इस्पितळात, त्या खिडकीवर दुसऱ्याच दिवशी परत करून आले. घरात बघवेना."

"डबीला तुमच्याशिवाय हात कोणाचा लागायचा?"

ती विचार करू लागली. "इथून धाकटा गाडीतून न्यायचा. तिथे सिस्टर तपासून आत न्यायची. आणि डॉक्टरीणबाई." मग तिचे डोळे मोठे झाले. "कुणी गोळी बदलली, असं म्हणायचंय तुम्हाला?"

३

सिस्टर म्हणजे आगीचा बंब. ऑक्सिजनजवळ तेल नको, अत्तर नको, क्रीम नको, खिशात काही नको, या नियमांपायी ती प्रत्येकाला दारात हुंगायची. मोबाइल, घड्याळं, लायटर, सगळं बाहेरच्या ताटात. विमाबाईंना तर तिने एकदा चांगलंच फैलावर घेतलं होतं, आणि तो राग बाईंच्या मनात अजून होता.

"डबी मी फक्त उघडून बघायचे. एक गोळी, बास," सिस्टर म्हणाली. "गोळीचा रंग काय बघत बसू? वीस माणसं दारात उभी असायची. मी कशाला बदलेन? मला काय मिळणार त्यात?"

"तुम्हाला नाही. पण चिडू नका हो. त्यांच्यात वेगळं काही जाणवलं का, एवढंच सांगा."

"वेगळं म्हणजे…" सिस्टरचा आवाज खाली आला. "शांत झाले होते. दाबाने कान इतके दुखायचे त्यांचे, डोळ्यांत पाणी यायचं, पण एक दिवस चुकवला नाही. म्हणायचे, सिस्टर, हवा मला तारणार. आणि तुम्ही बाई, खरं सांगा आता, तो संत्र्याच्या वासाचा मलम लावून आत यायचात की नाही?"

"अजून तेच? सतरा वेळा सांगितलं, मी काही लावत नाही!"

"मग मधल्या सुट्टीत तुमच्या बाजूनेच वास कसा यायचा?"

विमाबाई तणतणत डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. त्या बिचाऱ्या पार खचल्या होत्या. केंद्रावर तक्रार होणार, लोक येईनासे होणार, हे त्यांना दिसत होतं. "थकव्यासाठी मी सगळ्यांना व्हिटॅमिनच्या गोळ्या देते, तेवढंच," त्या म्हणाल्या. "तुम्हालाही दिल्यात."

"त्या होय? डबी फोडलीसुद्धा नाही मी. एचआयव्हीची गोळी कशी असते हो?"

"मोठी. गिळताना पाणी लागतंच. आणि जिभेवर विरघळली तर कडूजहर. घड्याळजी तर पहिल्या महिन्यात रोज ओकायचे तिच्यापायी."

घरी आल्यावर विमाबाईंनी कपाट उघडलं. व्हिटॅमिनची डबी मागे कुठेतरी ढकललेली होती. त्यांनी झाकण फिरवलं, आणि डबीतून संत्र्याचा वास आला. पाणबुडीतला तोच वास, ज्याच्यासाठी त्यांनी बोलणी खाल्ली होती.

त्यांनी एक गोळी तोंडात टाकून दाताखाली धरली. कुडुम. आणि तो आवाजही त्यांच्या ओळखीचा होता.

४

मधल्या सुट्टीत पाणबुडीतला हवेचा फुत्कार थांबायचा आणि शांतता पसरायची. त्या शांततेत शेजारी घड्याळजी काहीतरी कुडुमकुडुम चावायचे. हे बाईंनी रोज ऐकलं होतं आणि कधी विचारही केला नव्हता. चौकशी करण्यात केस पांढरे झाले, आणि साक्षीदार म्हणून आपण अगदीच कुचकामी निघालो, याची त्यांना लाज वाटली.

कडूजहर गोळी कोणी चावून खात नाही. तोंडात गोड लागलं असतं तर घड्याळजींनी दुसऱ्या क्षणी विचारलं असतं, हे काय आहे म्हणून. ते आरामात चावून खात होते, म्हणजे त्यांना ठाऊक होतं. गोळी कुणी परस्पर बदलली नव्हती. त्यांनीच बदलली होती.

म्हणजे बायकोची भीती खरी? विमाबाईंना हे घेऊन तिच्यासमोर जाववेना. त्या दिवशी त्यांना जेवणही गेलं नाही. पण त्यांच्या मनाला काही हे पटत नव्हतं. ज्याला मरायचंय तो कानाच्या वेदना सोसून रोज पाणबुडीत बसेल कशाला? भिंगाशिवाय स्क्रू दिसतो म्हणून लहान पोरासारखा नाचेल कशाला? हा माणूस जगायला निघाला होता. आणि मग बायकोने रोज घालून दिलेल्या खऱ्या गोळ्या गेल्या कुठे? घड्याळजी तुटकी स्प्रिंगसुद्धा फेकून द्यायचे नाहीत, जपून ठेवायचे. आणि डबी घरून केंद्रात जायची ती धाकट्याच्या गाडीतून.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी त्या शाळेबाहेर गेल्या. धाकटा शाळेची गाडी चालवायचा. मुलं सुटायला अवकाश होता आणि तो पायरीवर एकटाच बसला होता. सदऱ्याची बटणं पोटावर ताणलेली, पण चेहरा ओढलेला.

"दादाने तुम्हाला सांगितलं होतं का, डॉक्टरीणबाईंनी गोळ्या बंद केल्या म्हणून?" विमाबाईंनी शेजारी बसत विचारलं.

"तसंच काहीतरी म्हणाला होता एकदा. नक्की आठवत नाही."

"मग त्या दिवशी एवढे भडकलात ते?"

तो उत्तर देणार इतक्यात खिशातला मोबाइल वाजला. गजर होता. धाकट्याचा हात झटकन सदऱ्याच्या वरच्या खिशाकडे गेला, तिथे काहीच नव्हतं, आणि तो तसाच खाली आला. त्याने गजर बंद केला.

"दादाच्या गोळीचा," तो नजर चुकवत म्हणाला. "बंद करायचं राहूनच गेलंय."

विमाबाई मान हलवून उठल्या, पाय ओढत वळणापर्यंत आल्या, आणि जागच्या जागी थबकल्या. या वेळी घड्याळजी पाणबुडीत असायचे. आत मोबाइल जात नाही. पोलादी दाराबाहेरच्या माणसाचा गजर आतल्या माणसाला ऐकू येणार कसा?

तो गजर घड्याळजींसाठी नव्हताच. आणि ज्याच्यासाठी होता, त्याचा खिसा घड्याळजी गेल्यापासून रिकामा होता. 

५

संध्याकाळ व्हायच्या आत त्यांनी तिघांना दुकानामागच्या खोलीत बसवलं. बायको, धाकटा, डॉक्टरीणबाई. उद्यावर टाकण्यासारखी गोष्ट नव्हती.

"घड्याळजींनी गोळी स्वतःच घेतली नाही," त्या म्हणाल्या. बायकोचा चेहरा पांढराफटक पडला, तसा त्यांनी तिचा हात घट्ट धरला. "थांबा. पुढचं ऐका. ते गेले त्या दिवशी तुम्ही, मी, सिस्टर, डॉक्टरीणबाई, सगळ्यांना वाटत होतं की ते रोज गोळी घेतात. अहवाल यायचा होता. गोळ्या बंद झाल्यात, हे त्या दिवशी एकाच माणसाला ठाऊक होतं."

धाकट्याने मान खाली घातली.

"त्याच माणसाच्या मोबाइलमध्ये गोळीचा गजर आहे, जो पाणबुडीत ऐकूच जात नाही. आणि या फोटोत बघा. वर्षापूर्वी हाडांचा सापळा. वर्षभरात भाऊ खंगत गेला आणि याचं अंग भरत गेलं. काळजीने कुणी असं भरत नाही." विमाबाईंचा आवाज मऊ झाला. "पोरा, गाडीत बसल्यावर दादा डबीतली गोळी तुला द्यायचा आणि व्हिटॅमिन आत टाकायचा ना?"

 मग धाकटा बोलू लागला.

"मी खोटं नाव देऊन रक्त तपासलं होतं, मलाही तेच निघालं. फक्त दादाला सांगितलं. गोळ्यांच्या खिडकीवर नाव घालायला तो मागे लागला होता. पण तिथे शाळेतली माणसं येतात, मुलांच्या आया येतात. एकदा कळलं की कोण आपलं पोर माझ्या गाडीत बसवणार? मी म्हटलं, मेलो तरी चालेल, नाव घालणार नाही. तेव्हा एक दिवस हसत हसत आला. म्हणाला, डॉक्टरीणबाईंनी माझ्या गोळ्या थांबवल्यात, हवेने मी सुधारलोय. वहिनीला सांगू नकोस, ती घाबरेल. वाया जाण्यापेक्षा तू घे." त्याचे खांदे गदगदू लागले. "मला खरं वाटलं, वहिनी. तू त्या दिवशी बाकावरून बोललीस, तेव्हा माझ्या पायाखालची जमीन सरकली. सांगायला येणार होतो मी. तोंडच उघडेना."

"पण मी थांबवल्याच नव्हत्या!" डॉक्टरीणबाई कळवळून म्हणाल्या. "असं का वाटलं त्यांना?"

"डोळ्यांमुळे," विमाबाई म्हणाल्या. "भिंगाशिवाय स्क्रू दिसू लागला, हे त्यांनी तुम्हाला सांगितलं असेल."

"सांगितलं होतं. पण तो काही गुण नव्हे. इतका ऑक्सिजन घेतला की डोळ्यातलं भिंग काही काळ बदलतं, जवळचं दिसतं आणि लांबचं पुसट होतं. उपचार थांबले की पुन्हा…" त्या बोलता बोलता थांबल्या. "त्यांनी विचारलं होतं मला. म्हणजे आत सगळंच सुधारत असेल ना, असं. बाहेर रांग होती. मी म्हटलं, सुधारतंय, सुधारतंय." त्यांनी डोळ्यांवर हात ठेवले. "मी त्यांना बरं वाटावं म्हणून बोलले हो."

भिंतीवरचं घड्याळ दिसत नाही म्हणून आपणही त्यांना हसायचो, हे विमाबाईंना आठवलं. आयुष्यभर डोळ्यांवर पोट भरणाऱ्या माणसाने डोळ्यांचाच पुरावा खरा मानला होता. गोळीऐवजी हवा आपल्याला तारेल, असं त्यांनी मनाशी धरलं, आणि डॉक्टरांच्या नावावर एक थाप मारून गोळी भावाला देऊन टाकली.

बायको इतका वेळ हुंदकाही न देता ऐकत होती. "म्हणजे माझ्या बोलण्याने नाही गेले," ती म्हणाली. "मरायचं नव्हतं त्यांना." आणि मग ती ओक्साबोक्शी रडली, ते गेल्यापासून पहिल्यांदाच अशी. धाकटा तिच्याजवळ सरकला, तशी तिने त्याला दूर लोटलं.

"जा इथून," ती म्हणाली. "मला तोंड दाखवू नकोस."

विमाबाईंना वाटलं, एकीच्या डोक्यावरचं ओझं काढून आपण दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवलं. धाकटा दाराबाहेर पडताना म्हणाला, "दादाला मी खाल्लं. आता मला कसल्या गोळ्या." दुखऱ्या पायाने त्या उठेपर्यंत तो गेलाही होता.

६

रात्र त्यांनी तळमळत काढली. सकाळी पहिल्या रिक्षाने त्या इस्पितळात पोहोचल्या. गोळ्यांच्या खिडकीपाशी ओळखीचं कुणी असेल, तर त्याच्या मध्यस्थीने धाकट्याला गाठावं आणि हातापाया पडून आणावं, एवढाच विचार डोक्यात होता.

खिडकीसमोर रांग लागली होती. रांगेत घड्याळजींची बायको उभी होती आणि तिने धाकट्याचं मनगट असं पकडलं होतं की तो पळू म्हणता पळू शकला नसता. बायामाणसं वळून बघत होती. धाकट्याने रुमालाने तोंड झाकायचा प्रयत्न केला, तेव्हा तिने रुमाल ओढून घेतला. त्यांच्याजवळ डॉक्टरीणबाई होत्या, कागदपत्रांचं बघायला आलेल्या.

"मी लग्न होऊन आले तेव्हा हा एवढासा होता," बायको विमाबाईंना म्हणाली. तिने हात गुडघ्याशी धरला. "याला मीच वाढवलं. राग गिळून टाकीन मी. अजून गिळला नाहीये, पण गिळीन."

रक्त दिलं, तपासण्या झाल्या, दुपार उलटली. शेवटी खिडकीतून डबी आली आणि आतल्या बाईने विचारलं, "सोबत कोण? रोज घेतोय की नाही, कोण बघणार?"

"मी," बायको म्हणाली.

इस्पितळाच्या नळावर तिने पेला भरला. धाकट्याने गोळी तळहातावर घेतली आणि नुसता बघत राहिला. "वहिनी, ही दादाची…"

"त्यांची नाही. तुझ्या नावाची आहे. घे."

त्याने डोळे मिटून गोळी तोंडात टाकली, पाणी प्याला. विमाबाईंनी सुटकेचा श्वास टाकला. पण बायको जागची हलली नाही. तिने धाकट्याची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला.

"आ कर," ती म्हणाली. "जीभ वर उचल. आता गाल आतून दाखव."

त्याने दाखवलं, लहान मुलासारखं, डोळ्यांतून धारा लागलेल्या असताना. तिने नीट बघितलं, एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने. खात्री झाल्यावरच तिने हनुवटी सोडली.

"उद्याही दाखवायचं," ती म्हणाली. "रोज."